कारखान्यांची अल्प मुदतीची कर्जं वाढली तर काय समजायचं?

प्रश्न असा आहे: उत्पादन कंपन्यांची अल्प मुदतीची कर्जं सलग दोन-तीन तिमाह्या वाढताना दिसत आहेत. कुणी त्याला तेजीची खूण म्हणतं, कुणी मंदीची चाहूल. नेमकं काय धरायचं, आणि हा आकडा सूचक म्हणून वापरायचा तर कसा?

नुसत्या एकूण आकड्यावरून यातलं काहीच धरू नका. कर्जाची पातळी अर्थचक्राच्या मागून चालते. अमेरिकेतली कॉन्फरन्स बोर्ड ही संस्था आर्थिक सूचकांचे तीन गट करते: चक्राच्या पुढे धावणारे, बरोबर चालणारे आणि मागून येणारे. उद्योग-व्यापाराकडे बँकांचं जे कर्ज येणं असतं, त्याचा आकडा तिने मागून येणाऱ्या गटात ठेवला आहे. बेरोजगारीचा सरासरी कालावधी आणि मालसाठ्याचं विक्रीशी गुणोत्तरही त्याच गटात आहेत. मात्र तेच कर्ज विक्रीच्या दिवसांत (म्हणजे किती दिवसांच्या विक्रीइतकं आहे असं) मोजलं, त्याचे घटक सुटे केले आणि लहान-मोठ्या कंपन्या वेगळ्या काढल्या, तर त्यातून बऱ्याच गोष्टी वेळेआधी कळतात.

कारखाना अल्प मुदतीचं कर्ज काढतो ते मुख्यतः खेळत्या भांडवलासाठी. कच्चा माल आला, यंत्रावर चढला, तयार माल गोदामात गेला, मग उधारीवर विकला गेला आणि शेवटी पैसे आले. या सगळ्या काळात पैसा अडकलेला असतो. त्यातला काही भार पुरवठादाराची उधारी उचलते, काही मालकाचं भांडवल, आणि उरलेली फट बँक भरते. म्हणून बँकेचं कर्ज म्हणजे मालसाठा, येणी आणि देणी या तीन मोठ्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून उरलेली बाकी आहे. ती बाकी का वाढली, हे त्या तीन आकड्यांकडे पाहिल्याशिवाय समजत नाही.

हे एका कारखान्यावर करून पाहू. गणित सोपं जावं म्हणून रोजची विक्री १ कोटी धरा. विकलेल्या मालाचा उत्पादन खर्च रोज ८० लाख, त्यात कच्च्या मालाची खरेदी ६० लाख. मालसाठा ७५ दिवसांचा, म्हणजे ६० कोटी. ग्राहकांकडून येणी ६० दिवसांची, म्हणजे ६० कोटी. पुरवठादारांची देणी ५० दिवसांची, म्हणजे ३० कोटी. फट झाली ९० कोटींची. त्यात स्वतःचे दीर्घ मुदतीचे ३० कोटी घातलेले आहेत, उरलेले ६० कोटी बँकेचे. कर्ज बरोबर ६० दिवसांच्या विक्रीइतकं.

आता विक्री २० टक्के वाढली आणि दिवस तेच राहिले. मालसाठा ७२, येणी ७२, देणी ३६. फट १०८ कोटींची. स्वतःचे ३० कोटी लगेच वाढत नाहीत, म्हणून कर्ज ७८ कोटींवर जातं. विक्री २० टक्के वाढली आणि कर्ज ३० टक्के. चांगल्या काळात कर्ज विक्रीपेक्षा वेगाने वाढतं ते यामुळे, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दिवसांत मोजलं तर ६० चे ६५ झाले, एवढंच.

दुसरा प्रसंग घ्या. विक्री १५ टक्क्यांनी पडली, पण उत्पादन दोन महिने जुन्याच वेगाने चालू राहिलं. असं होतंच: कच्च्या मालाच्या ऑर्डर आधीच गेलेल्या असतात, कामगारांच्या पाळ्या ठरलेल्या असतात, आणि ही घसरण तात्पुरती आहे असं विक्री विभाग सांगत असतो. रोज ८० लाखांचा माल बनतो आणि ६८ लाखांचा निघतो, म्हणजे रोज १२ लाखांचा माल गोदामात साचतो. साठ दिवसांत ७ कोटी २० लाख. मालसाठा ६७ कोटींवर जातो आणि नव्या विक्रीच्या हिशेबाने तो ७५ ऐवजी जवळजवळ ९९ दिवसांचा होतो. ग्राहकही अडचणीत असतात, ते ६० ऐवजी ७५ दिवसांनी पैसे देऊ लागतात. येणी विक्री घटूनही ६६ कोटी, कारण त्या ७५ दिवसांतले १५ दिवस घसरणीआधीच्या विक्रीचे आहेत. खरेदी जुन्याच वेगाने चालली असल्यामुळे देणी ३० कोटींवर. फट १०३ कोटी, कर्ज ७३ कोटी.

म्हणजे दुसऱ्या प्रसंगात कर्ज २२ टक्के वाढलं आणि पहिल्यात ३० टक्के. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही आलेख सारखेच दिसतील. दिवसांत मोजल्यावर फरक उघडा पडतो: तेजीत ६५ दिवस, मंदीच्या तोंडावर ८६ दिवस. यात तोटा धरलेलाच नाही. तोटा झाला की स्वतःचे ३० कोटी झिजतात आणि तेवढी भर पुन्हा बँकेच्या कर्जात पडते. पुरवठादारांना वास लागला आणि त्यांनी ५० ऐवजी ४० दिवसांत पैसे मागितले, तर आणखी ६ कोटी लागतात.

यापुढचा टप्पा सगळ्यात जास्त चकवतो. व्यवस्थापन जागं होतं, उत्पादन निम्म्यावर आणतं, खरेदीही निम्मी. रोज ४० लाखांचा माल बनतो, ६८ लाखांचा विकला जातो, आणि दोनेक महिन्यांत मालसाठा ५१ कोटींवर येतो. आता कर्ज धडाधड उतरेल असं वाटतं. उतरत नाही. खरेदी निम्मी झाली की पुरवठादारांची देणीही ३० वरून १५ कोटींवर येतात. येणी ६४ कोटींच्या घरात अडकलेलीच. फट जवळजवळ १०० कोटी, कर्ज ७० कोटी. यंत्रं निम्मी बंद, पाळ्या कमी केलेल्या, आणि बँकेचं कर्ज ७३ चं फक्त ७० झालेलं.

मग बाजार सावरू लागतो. उत्पादन पुन्हा विक्रीच्या बरोबरीला येतं, खरेदी वाढते, देणी साडेपंचवीस कोटींपर्यंत चढतात, ग्राहक पुन्हा ६० दिवसांत पैसे देऊ लागतात. कर्ज किती? साडेसेहेचाळीस कोटी. कारखान्याला धुगधुगी आली तेव्हा कर्ज तिसऱ्या हिश्श्याने उतरलं. अर्थव्यवस्था सुधारत असताना उद्योगांना मिळणारं कर्ज घटतंय म्हणून दर वेळी ओरड होते, तिच्या मागे बऱ्याच अंशी हे गणित असतं. कर्जमागणी वाढते ती विक्री आधीच्या पातळीच्या वर जाऊन नवा साठा भरायची वेळ येते तेव्हा.

अमेरिकेची २००७ ते २०१० ची आकडेवारी याच वळणाने गेली. तिथली मंदी डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाली, तरी बँकांचं उद्योग-व्यापार कर्ज ऑक्टोबर २००८ पर्यंत वाढत होतं. मंदी जून २००९ मध्ये संपली आणि कर्ज २०१० च्या उत्तरार्धापर्यंत घटत राहिलं. शिखरापासून तळापर्यंतची घसरण सुमारे पाव हिश्श्याची होती. नुसत्या पातळीवर विसंबलेल्या माणसाने मंदीची सुरुवातही चुकवली असती आणि शेवटही.

२०२० चा आकडा आणखी वेगळ्या कारणाने फसवा आहे. फेब्रुवारीअखेर अमेरिकी बँकांचं हे कर्ज २.४ लाख कोटी डॉलरच्या आसपास होतं, मे महिन्यात ते ३ लाख कोटींच्या वर गेलं. कारखाने बंद, आणि कर्ज इतिहासातल्या सर्वांत वेगवान चढावर. मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांनी मंजूर मर्यादेतून जमेल तेवढी उचल केली आणि तो पैसा खात्यात तसाच ठेवला. एप्रिलपासून त्यात सरकारी हमीची वेतन-कर्जंही मिसळली. अशा वेळी कर्जातून हातातली रोकड आणि अल्प मुदतीच्या ठेवी वजा करून निव्वळ कर्ज काढावं. एकूण कर्ज वाढलं आणि निव्वळ कर्ज जागच्या जागी राहिलं, तर तो भीतीचा साठा आहे, उत्पादनाशी त्याचा संबंध नाही.

आता घटकांकडे. ताळेबंदात 'अल्प मुदतीची कर्जं' या एका ओळीखाली अगदी वेगळ्या स्वभावाच्या गोष्टी बसतात. कॅश क्रेडिट, ओव्हरड्राफ्ट आणि फिरतं कर्ज (मंजूर मर्यादेत हवं तेव्हा उचलायचं आणि भरायचं) हा खेळत्या भांडवलाचा गाभा. बिल डिस्काउंटिंग, म्हणजे ग्राहकाचं बिल बँकेला देऊन आधीच पैसे घेणं, थेट विक्रीशी बांधलेलं. कमर्शियल पेपर म्हणजे बाजारातून विनातारण उचललेला पैसा. तो फक्त चांगल्या पतीच्या कंपन्यांना मिळतो आणि बाजार बिथरला की एका आठवड्यात आटतो. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाल्यावर हेच झालं, आणि ऑक्टोबरमध्ये फेडरल रिझर्व्ह या तिथल्या मध्यवर्ती बँकेला स्वतः कमर्शियल पेपर घेण्याची योजना आणावी लागली. याशिवाय दीर्घ मुदतीच्या कर्जाचा पुढच्या १२ महिन्यांत देय होणारा हप्ताही याच भागात येतो.

हा शेवटचा घटक खेळत्या भांडवलाच्या अभ्यासातून बाहेर काढायलाच हवा. तो कंपनीने काही वर्षांपूर्वी घेतलेल्या निर्णयाचा परिणाम असतो. पण टाकूनही देऊ नका, बाजूला मांडून ठेवा. कर्जकरारातली अट तिमाही किंवा वर्षअखेरपर्यंत मोडली गेली आणि त्या तारखेपूर्वी बँकेने मुदत वाढवून दिली नसेल, तर आंतरराष्ट्रीय लेखामानकांनुसार ते संपूर्ण दीर्घ मुदतीचं कर्ज अल्प मुदतीत दाखवावं लागतं. नवीन पैसा एकही आलेला नसताना आकडा एकदम दुप्पट होतो. एखाद्या क्षेत्रात अशा उड्या तीन-चार कंपन्यांत एकाच तिमाहीत दिसल्या, तर मी बाकी सगळं सोडून आधी त्यांच्या ताळेबंदाची टिपणं वाचेन.

बँकेचं कर्ज आणि कमर्शियल पेपर यांची तुलना विशेष उपयोगी आहे. दोन्ही एकदम घटत असतील तर कंपन्यांनाच पैसा कमी हवा आहे. बँकेचं कर्ज घटतंय आणि कमर्शियल पेपर वाढतोय, तर मागणी शाबूत आहे आणि बँकांनी हात आखडला आहे. दुसरा प्रकार जास्त काळजीचा, कारण ज्यांना बाजारात पेपर काढता येत नाही अशा लहान कंपन्यांना पर्यायच उरलेला नसतो.

तिथून आपण लहान-मोठ्याच्या मुद्द्यावर येतो, आणि माझ्या मते या सूचकाचा खरा उपयोग इथेच आहे. अमेरिकेचा जनगणना विभाग उत्पादन कंपन्यांचे ताळेबंद दर तिमाहीला एकत्र करून मालमत्तेच्या आकारानुसार गट पाडून प्रसिद्ध करतो. ती मालिका वापरून मार्क गर्टलर आणि सायमन गिलख्रिस्ट या अर्थतज्ज्ञांनी १९९४ मध्ये दाखवलं की, पतधोरण कडक झाल्यावर मोठ्या कंपन्यांचं अल्प मुदतीचं कर्ज काही काळ वाढतं आणि लहान कंपन्यांचं घटतं. कारण वरच्या उदाहरणातच आहे. विक्री पडल्यावर साचलेला माल धरून ठेवायला मोठ्या कंपनीला बँक पैसे देते. लहान कंपनीची मर्यादा संपते.

मर्यादा संपते म्हणजे काय, तेही जवळून पाहू. बँक मालसाठ्यावर आणि येण्यांवर मार्जिन (मालकाने स्वतः घालायचा वाटा) कापून उचल किती द्यायची ते ठरवते. ठरावीक मुदतीपेक्षा जुनी येणी, बऱ्याच ठिकाणी ९० दिवसांवरची, त्यात धरत नाहीत. न हलणारा माल बाजूला काढतात. म्हणजे ग्राहक पैसे द्यायला उशीर करू लागला की कारखान्याची गरज वाढते आणि नेमकी त्याच वेळी ड्रॉइंग पॉवर, म्हणजे उचल करण्याची मर्यादा, कमी होते. मग मालक पडेल भावाने माल काढतो, पुरवठादारांना थांबवतो, आणि त्याचं बँकेचं कर्ज उतरतं. आकडेवारीत हे 'कर्जफेड' म्हणून दिसतं. गर्टलर-गिलख्रिस्टच्या निष्कर्षात लहान कंपन्यांचा मालसाठाही घटलेला आढळतो, तो बहुधा या घाईच्या विक्रीमुळे.

म्हणून एकूण बेरीज पाहू नका. मोठ्यांचं वर, लहानांचं खाली अशी कात्री दोन तिमाह्या उघडी राहिली, तर बेरीज जवळपास स्थिर दिसेल आणि आत मात्र ताण वाढत असेल. आकारानुसार ताळेबंद मिळत नसतील तर बँकांच्या कर्जाचं लहान, मध्यम आणि मोठ्या उद्योगांतलं वाटप घ्या. बऱ्याच मध्यवर्ती बँका अशी काहीतरी विभागणी देतात. मतचाचण्याही घ्या. बँक ऑफ जपानच्या तिमाही टँकन पाहणीत कंपन्यांना हातात पैसा सैल आहे की तंग, आणि बँकांचा कल देण्याचा आहे की आखडण्याचा, असे थेट प्रश्न असतात, आणि उत्तरं आकारानुसार वेगळी छापतात. ताळेबंद यायला दोन-अडीच महिने लागतात; पाहणीची उत्तरं त्याआधी हातात असतात.

प्रत्यक्ष काम करायला बसाल तेव्हा क्रम असा ठेवा. आधी कंपन्यांचा संच पक्का करा, आणि पाहणीच्या पूर्ण काळासाठी तोच ठेवा. दर तिमाहीला नव्या नोंदणीकृत कंपन्या घुसल्या की वाढ आपोआप दिसते. बुडालेल्या कंपन्या वगळल्या तर उलट चूक होते. मग दीर्घ कर्जाचा चालू हप्ता आणि चालू वर्षाचं भाडेपट्टा-देणं काढून टाका. आयएफआरएस १६ या आंतरराष्ट्रीय लेखामानकामुळे भाडेपट्ट्याची देणी २०१९ पासून ताळेबंदात आली, तेव्हा २०१८ आणि २०१९ ची सरळ तुलना बिघडते. एखाद्या बड्या कंपनीने दुसरी विकत घ्यायला तात्पुरतं कर्ज काढलं असेल तर तेही काढा. असं एक कर्ज पूर्ण क्षेत्राचा आलेख वाकवू शकतं.

उरलेलं कर्ज शेवटच्या तिमाहीच्या रोजच्या विक्रीने भागा. वार्षिक विक्री घेऊ नका, ती घसरण झाकते. त्याच्या शेजारी मालसाठ्याचे दिवस, येण्यांचे दिवस आणि देण्यांचे दिवस मांडा. तुलना मागच्या तिमाहीशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा, कारण साखर, खतं, लोकरीचे कपडे यांसारख्या हंगामी धंद्यांत कर्ज दर वर्षी त्याच महिन्यांत फुगतं आणि उतरतं.

मालसाठा तपासताना शक्य असेल तिथे तो कच्चा माल, अर्धवट माल आणि तयार माल असा सुटा करा. कर्ज वाढतंय आणि कच्चा माल वाढतोय, तर कारखानदार पुढच्या विक्रीची तयारी करतोय किंवा भाववाढीच्या आधी भरून ठेवतोय. कर्ज आणि तयार माल वाढतोय, तर माल उठत नाहीये. अर्धवट माल वाढला तर बहुधा एखादा सुटा भाग अडला आहे आणि मालाची शेवटची जोडणी रखडली आहे. तिन्ही वेळा बँकेचा आकडा एकच सांगतो.

भावांचा परिणामही वेगळा करा. तांबं किंवा पोलाद २५ टक्के महागलं की तेवढ्याच टनांसाठी जास्त कर्ज लागतं, आणि विक्रीच्या किमती मागाहून वाढत असल्यामुळे दिवसांचं गुणोत्तरसुद्धा दोन-तीन महिने फुगतं. त्या क्षेत्राच्या कच्च्या मालाच्या किंमत निर्देशांकाने मालसाठा भागून पाहिला की वाढ टनांची की भावांची ते कळतं.

तिमाहीअखेरच्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नका. पुष्कळ कंपन्या शेवटच्या आठवड्यात वसुली रेटतात, पुरवठादारांचे धनादेश पुढे ढकलतात आणि कर्ज काही दिवसांसाठी उतरवतात. पडताळणी सोपी आहे. समजा अल्प मुदतीच्या कर्जाचा तिमाही व्याजखर्च १.८ कोटी आणि दर ९ टक्के. वर्षाचं व्याज ७.२ कोटी, त्याला ०.०९ ने भागलं की तिमाहीतलं सरासरी कर्ज ८० कोटी. ताळेबंदात ६२ दाखवले असतील, तर खरा ताण ८० चा आहे. असा फरक वाढत जाणं हा माझ्या दृष्टीने कर्जवाढीपेक्षाही आधी मिळणारा इशारा आहे.

देण्यांमध्ये लपलेलं कर्ज शोधणं हे सगळ्यात किचकट काम. पुरवठादार-वित्तपुरवठ्याच्या योजनेत बँक पुरवठादाराला लवकर पैसे देते आणि कारखाना बँकेला १२० किंवा १८० दिवसांनी देतो. व्यवहार कर्जाचा, पण नोंद 'व्यापारी देणी' या नावाखाली. देण्यांचे दिवस अचानक ५० चे ९० झाले आणि बँकेचं कर्ज उतरलं, तर कंपनीची पत सुधारली असं मानू नका. २०२४ पासून सुरू होणाऱ्या वर्षांसाठी आंतरराष्ट्रीय मानकांत अशा योजनांची रक्कम टिपणात वेगळी देणं सक्तीचं झालं आहे. ती रक्कम उचलून कर्जात मिळवा. येण्यांच्या बाजूला फॅक्टरिंगने (वित्तसंस्थेला सवलतीत देऊन) विकलेली बिलंही तशीच परत मिळवा.

एक पडताळणी उलट बाजूने. अल्प मुदतीचं कर्ज वाढलंय, मालसाठा आणि येणी जागच्या जागी, पण इमारती-यंत्रसामग्री वाढली. म्हणजे खेळत्या भांडवलाचा पैसा यंत्रांत गेला. अल्प मुदतीचे दर दीर्घ मुदतीपेक्षा बरेच खाली असले की हा मोह होतो. चक्राबद्दल हे काही सांगत नाही, पण पुढच्या पतटंचाईत सगळ्यात आधी कोण अडकेल ते सांगतं. यंत्रातून पैसा पाच-सात वर्षांत सुटतो, बँक मात्र दर वर्षी नूतनीकरणाला बोलावते.

मंजूर मर्यादेपैकी किती उचल झाली आहे हा आकडा मिळत असेल, तर तो वरच्या सगळ्याच्या आधी पाहा. वर्षभर ६५-७० टक्क्यांवर फिरणारी उचल ९५ वर जाऊन तिथेच चिकटून बसली आणि खात्यात महिन्याभरात जमा होणारी रक्कम घटू लागली, तर विक्रीचे आकडे प्रसिद्ध होण्यापूर्वीच पैसा अडकला आहे हे कळतं. उचल ९५ वर आणि जमाही त्याच प्रमाणात वाढलेली असेल, तर त्या कारखान्याला मर्यादा वाढवून हवी आहे, आणि ती मिळायला हवी.